नग्नता : निवड की अभाव? (र. धों. कर्वे व 'प्रकाशवाटा' यांच्या संदर्भात)

'समाजस्वास्थ्य' (१९२७-१९५३) या मासिकातून र. धों. कर्वे यांनी युरोपातील नग्नसंघांचा पुरस्कार केला. अश्लीलता देहात नसून पाहणाऱ्याच्या मनात असते, ही त्यांची भूमिका होती. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे ढळले नाहीत.

मात्र वस्त्रत्याग ही वस्त्रे असणाऱ्याची निवड असते. डॉ. प्रकाश आमटे यांच्या 'प्रकाशवाटा' या आत्मकथनात भामरागड परिसरातील माडिया गोंडांचे उघडेपण दारिद्र्याशी जोडलेले दिसते. १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू झालेल्या कार्यात आमटे यांनी अर्धी चड्डी व बनियन हाच वेश स्वीकारला. कर्वे वस्त्रत्यागातून स्वातंत्र्य शोधतात, तर आमटे अंतर मिटवू पाहतात.

माडियांच्या उघडेपणाला असभ्य ठरविणाऱ्या नजरेस कर्व्यांचा निकष अचूक उत्तर देतो. परंतु अभावाच्या प्रश्नापाशी तो अपुरा पडतो. 'प्रकाशवाटा' ती उणीव भरून काढते. तथापि तेथेही निवेदन पाहणाऱ्याचेच आहे. आपल्या देहाविषयी माडिया स्त्री-पुरुषांना काय वाटते, हे त्यांच्याच शब्दांत येईपर्यंत ही चर्चा एकांगीच राहील.