बहिणाबाईंचे आपण वगळलेले अभंग

आधी एक खुलासा. आज बोलायचंय ते खान्देशातल्या बहिणाबाई चौधरींवर नाही. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई, जन्म १६२८, निधन १७००, त्यांच्या कवितेवर.

आपल्याकडे सप्ताह बसला की वारकरी परंपरेला देवळाची उपमा देणारा त्यांचा अभंग होतोच. पण त्यांनी आत्मचरित्रही अभंगांतच सांगितलंय, आणि बाईनं स्वतःबद्दल असं सविस्तर बोलणं त्या काळात फार दुर्मीळ. जस्टिन अॅबट यांनी १९२९ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. आपण मात्र त्यातले सोयीचे तेवढे अभंग वाचतो.

वयाच्या तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीतला बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला ही अकरा-एक वर्षांची मुलगी वासरू घेऊन जाते, स्वामी दोघांच्या डोक्यावर हात ठेवतात. गावात बोलबाला होतो आणि घरी नवरा तिला बांधून मारतो. पुढे स्वप्नात तुकोबा उपदेश करतात. ब्राह्मणाच्या बायकोला शूद्र गुरू! नवरा भडकतो. ती गरोदर असताना तो घर सोडून निघायच्या बेतात येतो.

इथेच आपली पंचाईत होते. आता ही बंड करणार, असं आपल्याला वाटतं. ती म्हणते, नवरा गेल्यावर विठ्ठलाची मूर्ती नि स्वप्नातला गुरू घेऊन मी काय करू? मग पतिव्रताधर्माचे अभंग येतात. आजचे वाचक ते लाजून गाळतात, नाहीतर जुनी मंडळी 'बघा, संतसुद्धा हेच सांगतात' म्हणून सुनांना ऐकवतात. मला दोन्ही वाचनं खोटी वाटतात.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हे सगळं मागे वळून सांगितलेलं आहे. नवरा पुढे आजारी पडला, पस्तावला, तिच्याबरोबर देहूला आला. एवढं झाल्यावर मार खाल्ल्याची हकीकत गाळणं सोपं होतं. पतिव्रतेनं ती झाकायचीच असते. बहिणाबाईंनी ती ठेवली, तपशिलासकट ठेवली, आणि शेजारीच नवऱ्याच्या सेवेचे अभंगही ठेवले. बाईचा देह म्हणून वेद ऐकायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही, मग परमार्थ साधायचा कसा, ही तक्रारही त्याच पोथीत आहे. या तीन गोष्टी एकमेकींना पुसत नाहीत.

मुक्ताबाईंना नवरा नव्हता, जनाबाईंनाही नव्हता. सोयराबाईंचे यजमान चोखोबाच, म्हणजे घरात एकच वाट. मीराबाई घर सोडून गेल्या. बहिणाबाई त्याच घरात, त्याच माणसाबरोबर राहिल्या. म्हणून त्यांची कविता इतरांपेक्षा अडखळती आहे. काही अभंग तर मला सरळ कोरडे, पढीक वाटतात, विशेषतः स्त्रीधर्माच्या याद्या आहेत ते. तिथं शास्त्र बोलतं. वासराचा प्रसंग वाचा, तिथं बाई बोलते. वासरू मरतं तेव्हा ती अन्नपाण्याविना, शुद्ध हरपून पडते. त्या दुःखाला तिनं कुठल्याही धर्माची परवानगी मागितलेली नाही.

थांबतो. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.