कॉकपिटमधलं पाखरू : एका उड्डाणाची गोष्ट आपण कशी सांगतो?

परळीत बसून विमानावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्याकडे वैद्यनाथ आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, औष्णिक वीज केंद्र आहे. विमानतळ मात्र नाही. पण विमान चालवायला शिकणारी मुलं-मुली आता मराठवाड्यातल्या घरांतूनही निघतात. कुणी बारामतीला जातं, कुणी शिरपूरला, कुणी गोंदियाला. घरचे कर्ज काढतात आणि फोनची वाट बघत बसतात. म्हणून हा विषय आम्हाला दूरचा वाटत नाही.

आज आम्ही एका गोष्टीची समीक्षा करणार आहोत. गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. 15 ऑक्टोबर 1932. जे. आर. डी. टाटा सकाळी कराचीहून एक छोटं पस मॉथ विमान घेऊन निघाले. विमानात टपालाची थैली आणि ते एकटे. अहमदाबादला उतरून इंधन भरलं आणि दुपारी जुहूला पोहोचले. टाटांच्या हवाई टपाल सेवेची आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात. 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हेच उड्डाण लेपर्ड मॉथमधून पुन्हा केलं. 2021 मध्ये मुंबईच्या आरोही पंडित यांनी कराचीऐवजी भुजहून निघून, अहमदाबादमार्गे जुहू गाठलं, तेही एकटीने.

ही गोष्ट आपण कशी सांगतो? बहुतेक लेखांत, भाषणांत तीन गोष्टी असतात : धाडस, दूरदृष्टी आणि तारीख. त्यात चूक काहीच नाही. पण टाटांच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीत आणखी एक वाक्य आहे. समोरून वारा होता, तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेने विमान हेलकावत होतं आणि केबिनमध्ये एक पाखरू शिरलं, ते मारावं लागलं. बस्स, एवढंच. पुढच्या वाक्यात विमान जुहूला उतरतं.

आमची तक्रार या घाईबद्दल आहे. आमच्या मते त्या उड्डाणाचा गाभा त्या पाखरात आहे, आणि आपण तो गंमत म्हणून सोडून देतो.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. पस मॉथची केबिन बंद, जेमतेम दोन-तीन माणसांची. वेग ताशी साधारण 160 किलोमीटर, म्हणजे दहा सेकंदांत जवळजवळ साडेचारशे मीटर. रेडिओ नाही, ऑटोपायलट नाही. एका हातात दांडा, मांडीवर नकाशा. अशात तोंडाजवळ फडफड सुरू झाली तर माणूस काय करेल? मान वळवेल, हात उगारेल. हे स्वाभाविक आहे आणि धोका इथेच आहे. मान वळली की नकळत दांड्यावरचा हातही हलतो. विमान हळूहळू एका बाजूला कलतं, नाक खाली जातं, आणि कानांना-पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही. पाखरू माणसाला मारत नाही. पाखराकडे बघत राहणं मारू शकतं.

म्हणून वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवतात. आधी विमान सांभाळ, मग आपण कुठे आहोत ते बघ, मग बोल. ऐकायला फार सोपं आहे, पण हा क्रम मोडला की काय होतं बघा. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं एक मोठं विमान मायामीला उतरत होतं. पुढचं चाक बाहेर आल्याचा दिवा लागला नाही. कॉकपिटमधली अनुभवी माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. मधल्या वेळात उंची राखणारा ऑटोपायलट नकळत सुटला आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत आदळलं. 101 माणसं गेली. बिघडला होता तो एक बल्ब.

इथे कुणी म्हणेल, तिथे तर चौघे होते, मग एकट्याचं काय घेऊन बसलात? आमचा मुद्दा तोच आहे. चौघे असूनही त्या मिनिटांत विमान कुणाच्याच हातात नव्हतं. एकट्याला तर 'जरा धर' म्हणायला शेजारी कुणी नसतं. त्याला सोबत असते फक्त त्या क्रमाची.

पुढे 1981 मध्ये अमेरिकेत प्रवासी विमानांसाठी नियम झाला : दहा हजार फुटांखाली कामाखेरीज गप्पा नाहीत. एकट्याने छोटं विमान नेणाऱ्याला असा नियम स्वतःच स्वतःला घालावा लागतो. फोन बंद करून पिशवीत टाकायचा. नकाशे, पेन, पाण्याची बाटली जमिनीवरच हाताशी लावून ठेवायची. तपासणीची यादी वाचताना कुणी मध्येच बोललं, तर यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून. हवेत दार सैल होऊन उघडलं, वारा घोंगावायला लागला, तरी दाराला हात घालायला वाकायचं नाही. बहुतेक छोटी विमानं उघड्या दाराने नीट उडतात. आधी उतरायचं, मग दार लावायचं. आणि टॉवरने प्रश्न विचारला तेव्हा हात गुंतलेले असतील तर 'थांबा' म्हणायचं. यात उद्धटपणा नाही.

हे शेवटचं आपल्याला सर्वात जड जातं. का, ते आपल्या भाषेत दिसतं. एकाच वेळी दहा कामं करणाऱ्या माणसाला आपण कौतुकाने 'अष्टावधानी' म्हणतो. पण मूळ अवधानकला बघा. शेजारच्या तेलुगू मुलखात ती आजही जिवंत आहे. तिथे पृच्छकांमध्ये एक 'अप्रस्तुतप्रसंगी' असतो. भलतेसलते प्रश्न विचारून अवधानीचं लक्ष मोडणं, हेच त्याचं काम. अवधानी त्यालाही चटकदार उत्तर देतो आणि टाळ्या घेतो. व्यासपीठावर ते शोभतं, कारण व्यासपीठ खाली पडत नाही. वैमानिकाला मात्र अप्रस्तुताला उत्तर न देण्याची कला शिकावी लागते. त्याला टाळ्या नसतात, आणि म्हणूनच ती आपल्या गोष्टींतून गळून जाते.

आपल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काम केलेली काही मंडळी इथे असतील. एकदम पाच अलार्म वाजले की आधी कुठला बघायचा आणि कुठला वाजू द्यायचा, हे त्यांना सांगायला नको. त्या पाळीतल्या शहाणपणावर कुणी धडा लिहीत नाही. तसंच हे.

आरोही पंडित यांच्या 2021 च्या उड्डाणाबद्दलही हेच म्हणता येईल. जीपीएस आणि ऑटोपायलट न वापरता ते उड्डाण केल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, आणि बातम्यांत त्याचं कौतुक 'धाडस' म्हणून झालं. आमच्या मते ते शिस्तीचं कौतुक व्हायला हवं होतं. पडदा नसला की खिडकीबाहेर बघावंच लागतं. नदी, रूळ, किनारा ओळखत जावं लागतं. आज छोट्या विमानातही टॅब्लेट असतो, फोन असतो. 1932 चं पाखरू बाहेरून आत आलं होतं. आजची पाखरं आपण स्वतः खिशात घालून नेतो.

धाडसाची गोष्ट वाचून शिकायला गेलेल्या मुलाला वाटतं, घाबरायचं नाही एवढंच काम आहे. मग पहिल्या एकट्या उड्डाणाला प्रशिक्षक उतरून जातो, शेजारची जागा रिकामी होते, आणि काहीतरी खडखडतं. त्या क्षणी 'घाबरू नकोस' हे वाक्य उपयोगाचं नसतं. 'खडखडू दे, तू विमान सांभाळ' हे वाक्य उपयोगाचं असतं. अपुऱ्या सांगितलेल्या गोष्टीची किंमत अशी कुणाच्या तरी पोराला मोजावी लागू शकते.

म्हणून शेवटी एवढंच. तुमच्या घरातल्या मुलीचा फोन येईल, 'आज एकटीने उडवलं.' तेव्हा 'भीती वाटली का?' हे विचाराच. पण त्याच्यामागे आणखी एक विचारा : 'वर असताना कशाकशाकडे लक्ष दिलं नाहीस?' तिचं उत्तर शांतपणे ऐका. तिला काय शिकवलंय, ते त्यातून कळेल.

आता आपले प्रश्न घेऊ.