दीपाजी राण्यांचा तह आणि संगीत नाटकाचा शेवट

बंडखोराचे चरित्र रंगभूमीवर आणणाऱ्यास शेवट हवा असतो तो फासाचा, नाहीतर रणांगणाचा. सत्तरीच्या दीपाजी राणे यांनी नाटककाराची ही सोय केलेली नाही. १८५२ साली त्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, पोर्तुगीज फौजेला रानावनांत सुमारे तीन वर्षे झुलवले. आणि १८५५ साली सरकारलाच त्यांच्याशी तडजोड करावी लागली.

यंदा एका देवळाच्या उत्सवात याच विषयावरील संगीत प्रयोग पाहिला. किल्ला सर झाला, जयघोष उठला आणि पडदा पडला! पुढची तीन वर्षे नाटककाराने प्रेक्षकांस माफ केली. गाणे मात्र सुरेख होते. नायकाचा गळा फिरता, ऑर्गनची साथ समजूतदार. परंतु शत्रू दाराशी आला असता वीराने तानांची भेंडोळी उलगडीत बसावे, हे आजच्या तरुण प्रेक्षकास कसे पटावे? मंगेशीच्या दीनानाथांनी १९२७ साली ‘रणदुंदुभि’ गाजवले ते आवेशाच्या स्वरांनी. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी तान तेवढी घेतली.

खरा आक्षेप निराळाच आहे. तह म्हणजे नामुष्की, अशी नाटककाराची समजूत दिसते. तडजोडीच्या कागदावर सही करताना पक्षकाराचा हात थबकतो, तो क्षण मी वकिलीत पुष्कळदा पाहिला आहे. पिंजऱ्यातील साक्षीदाराच्या आवेशाहून त्यात नाट्य अधिक असते. शिवाय राण्यांचा लढा परसत्तेविरुद्ध होता तसाच वंशपरंपरागत मोकाशी हक्कांसाठीही होता. मग त्या जमिनी कसणाऱ्यांचे काय? सत्तरीतील मोकासो जमिनींचा प्रश्न गोवा मुक्त झाल्यावरही मिटला नाही, हे तिथल्या प्रेक्षकास सांगावे लागत नाही. नाटकात मात्र कूळ येते ते मशाल धरायला.

त्याला कंठ देण्याचे साधन सत्तरीतच आहे. रामायण-महाभारतातील कथा समूहगायनाने उभे करणारे रणमाले तिथल्या गावांचे स्वतःचे नाट्य आहे. नायक तहाचा विचार करीत असता मागे उभ्या असलेल्या गायकांनी कुळांचा प्रश्न विचारावा आणि नायकाने तो, तान न घेता, ऐकून घ्यावा.

पुढल्या उत्सवातही हाच प्रयोग होणार असे कळते. गळा आहे, ऑर्गन आहे. तहाचा प्रवेश तेवढा लिहायचा राहिला आहे.