मागण्यातील प्रतिष्ठा

पोप लिओ तेरावे यांचे २४ जून १८९३ चे ‘अ‍ॅद एक्स्त्रेमास’ हे विश्वपत्र हिंदुस्थानातील सेमिनरींसाठी युरोपातील भाविकांकडे साहाय्य मागते. पण त्यात याचनेचा सूर नाही. आरंभी संत थॉमस व संत फ्रान्सिस झेवियर यांचे स्मरण, मग लोकांची भाषा व रीती स्थानिक धर्मगुरूच जाणतो हा युक्तिवाद, आणि शेवटी दानाची विनंती. हा क्रमच त्याचे सामर्थ्य. त्याच वर्षी कँडीत स्थापन झालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यास आली. उणीव एकच : ज्याच्यासाठी हे सारे, त्या विद्यार्थ्याचा आवाज पत्रात नाही. शिष्यवृत्तीसाठी अर्ज लिहिणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींनी ती भरून काढावी. गरिबीआधी आपले कार्य सांगावे, तेही स्वतःच्या शब्दांत.