विशेषणांवाचून लिहिलेली बखर

अन्यायाविषयी लिहिताना लेखणी तापते, आणि तापलेल्या लेखणीतून सर्वांत आधी विशेषणे बाहेर पडतात. 'अमानुष', 'राक्षसी', 'हृदयद्रावक' अशा शब्दांनी वाचकाचे डोळे पाणावतात. परंतु कोणाला, कोठे, कोणत्या तारखेस, कोणत्या कलमाखाली पकडले असे दुसऱ्या दिवशी विचारावे, तर उत्तर मिळत नाही. म्हणून ज्या नियतकालिकाने विशेषणे जवळजवळ टाकूनच दिली, त्याचा परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले. हे नियतकालिक मॉस्कोत गुप्तपणे निघत असे. त्याच्या रशियन नावाचा मराठीत अर्थ होतो 'चालू घटनांची बखर'.

बखर हा शब्द आम्ही काहीशा संकोचाने वापरतो. आपली भाऊसाहेबांची बखर वाचताना पानिपताचा शोक अंगावर येतो. पण तीत तारखा व आकडे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ही रशियन बखर नेमकी उलट्या जातीची. ती व्यापाऱ्याच्या कीर्दीला अधिक जवळची आहे.

पहिल्या अंकावर ३० एप्रिल १९६८ ही तारीख आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला वीस वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष मानवी हक्कांचे म्हणून जाहीर केले होते. त्याच जाहीरनाम्यातील मतस्वातंत्र्याचे एकोणिसावे कलम प्रत्येक अंकाच्या माथ्यावर असे. छापखाना अर्थातच नव्हता. टंकयंत्रावर पातळ कागद आणि कार्बन घालून प्रती काढायच्या, ज्याला प्रत मिळेल त्याने पुन्हा टंकित करून पुढे द्यायची. बातमी पाठवण्याची रीतही अशीच होती. ज्याच्याकडून अंक मिळाला त्याच्याच हाती बातमी द्यावी, त्याने ती आपल्या आधीच्याकडे पोचवावी; साखळीचे टोक शोधण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये, अशी सूचना वाचकांना दिलेली होती.

पहिली संपादिका नताल्या गोर्बानेव्स्काया ही कवयित्री होती. चेकोस्लोव्हाकियात रशियन रणगाडे शिरले तेव्हा, २५ ऑगस्ट १९६८ रोजी, लाल चौकात निषेधाला बसलेल्या मूठभर लोकांत ती होती. सोबत बाबागाडीत तीन महिन्यांचे मूल होते. डिसेंबर १९६९ मध्ये तिला अटक झाली आणि पुढे 'वेडी' ठरवून मनोरुग्णालयात डांबण्यात आले. शब्दांवर जिची हुकमत होती अशा बाईने संपादनात शब्दांना इतका लगाम घातला, ह्याचे आम्हांस फार मोल वाटते. तिच्या अटकेची नोंदसुद्धा बखरीने इतर नोंदींच्याच सुरात केली.

हे लिखाण कोरडे आहे, कंटाळवाणे आहे, असा आक्षेप येतो. दोन-चार पाने चाळणाऱ्याला तो खरा वाटेल. अटक, झडती, जप्त कागदांची यादी, शिक्षेची वर्षे, छावणी, आणि पुन्हा तेच. परंतु अंकामागून अंक वाचू लागले की तीच नावे पुन्हा भेटतात आणि नोंदींतून माणूस उभा राहतो. पहिल्याच अंकात जानेवारी १९६८ च्या खटल्याची हकीकत आहे. त्यात यूरी गालान्स्कोव्ह ह्यास सात वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर १९७२ मध्ये पोटाच्या व्रणावरील शस्त्रक्रियेनंतर तो छावणीतच वारला. ती नोंद वाचताना शोक करावा असे कोणी सांगत नाही. आधीच्या नोंदी वाचलेल्या असतात, तेवढे पुरते.

ही मृत्यूची नोंद १९७४ साली बाहेर आली, कारण मध्ये बखर बंद पडली होती. १९७२ मध्ये गुप्त पोलिसांनी बजावले की प्रत्येक नव्या अंकामागे अटका होतील, आणि पकडलेला माणूस तो अंक काढणाराच असेल असे नाही. स्वतः तुरुंगात जाण्याची तयारी असलेल्या माणसांनाही ह्या धमकीपुढे थांबावे लागले. सत्ताविसाव्या अंकानंतर दीड वर्ष खंड पडला. मग मे १९७४ मध्ये सेर्गेई कोवाल्योव्ह, तात्याना वेलिकानोवा आणि तात्याना खोदोरोविच ह्या तिघांनी थांबलेले तीन अंक परदेशी वार्ताहरांच्या हाती दिले व ह्यापुढे प्रसाराची जबाबदारी आमची, असे नावानिशी सांगितले. दुसऱ्यांना ओलीस धरण्याच्या चालीवर तेच एक उत्तर होते. कोवाल्योव्ह ह्यांना सात वर्षे छावणी व तीन वर्षे हद्दपारी झाली. डिसेंबर १९७५ मध्ये व्हिल्न्युस येथे हा खटला चालू असताना आंद्रेई साखारोव्ह न्यायालयाबाहेर उभे होते, आणि त्याच दिवसांत ओस्लोत त्यांची पत्नी त्यांच्या वतीने शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारत होती.

आमच्या मते बखरीचे सर्वांत मोठे पान म्हणजे दुरुस्त्यांचे. मागील अंकात नाव चुकले, तारीख चुकली, शिक्षेचा आकडा चुकला, तर पुढील अंकात तसे स्पष्ट लिहिलेले असे. सरकारचा आरोप काय, तर हे सारे बदनामीकारक असत्य. अशा वेळी आपली चूक आपणच छापणे म्हणजे विरोधकाच्या हाती कोलीत देणे, असे व्यवहारी माणूस म्हणेल. परंतु जो तारखेची चूक लपवत नाही त्याच्या उरलेल्या तारखांवर वाचक विश्वास ठेवतो.

दोष नाहीत असे नाही. मॉस्कोतील सुशिक्षितांचे वर्तुळ बखरीला जवळचे, म्हणून त्यांच्या घरची झडती तपशिलाने येते. मध्य आशियातील एखाद्या गावची हकीकत क्वचितच. ज्याच्यापर्यंत साखळी पोचली नाही त्याचे दुःख नोंदीत आले नाही. तरी क्रिमियातून १९४४ साली हाकललेले तार्तार, लिथुआनियाचे कॅथॉलिक, बाप्तिस्त आणि इस्राएलला जाऊ मागणारे यहुदी ह्या सर्वांना तिने एकाच मापाने मोजले, हे विसरता येणार नाही.

आपल्या वाचकांनी सतरावा अंक आधी वाचावा. विमान पळवून देशाबाहेर पडण्याचा बेत केलेल्यांवर डिसेंबर १९७० मध्ये लेनिनग्राद येथे खटला चालला, त्याची सविस्तर हकीकत त्यात आहे. कुझ्नेत्सोव्ह व दिमशित्स ह्यांना झालेली मृत्युदंडाची शिक्षा पुढे पंधरा वर्षांवर आली. एप्रिल १९७९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत दोघे सुटले. त्यांच्याबरोबर सुटलेल्यांत अलेक्झांडर गिन्झबुर्ग होते, ज्यांचे नाव पहिल्या अंकातील खटल्यात येते. आज आपल्या जिन्यात राहणाऱ्या रशियन शेजाऱ्यांपैकी वडीलधाऱ्यांना ही नावे विचारून पाहावीत.

१९८३ नंतर बखर थांबली. अंक जपण्याचे काम 'मेमोरियल' ह्या संस्थेने केले. कोवाल्योव्ह ऑगस्ट २०२१ मध्ये वारले, त्याच डिसेंबरात रशियन न्यायालयाने ही संस्था बरखास्त करण्याचा हुकूम दिला, आणि २०२२ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकात तिला वाटा मिळाला. अंक मात्र टिकले आहेत, आणि १९७१ पासून ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यांची इंग्रजी भाषांतरे काढल्यामुळे रशियन न जाणणाऱ्यांनाही ते वाचता येतात.

आज कोणत्याही देशातील अत्याचाराची चित्रे घटकाभरात आपल्यापुढे येतात आणि आपण ती न पारखता पुढे ढकलतो. खोटे एक चित्र उघडकीस आले की शंभर खरी चित्रेही संशयात सापडतात, आणि त्याचा लाभ अत्याचार करणाऱ्यालाच होतो. आपल्यापैकी जे लिहितात, त्यांनी ह्या बखरीचे चार अंक तरी वाचून मग लेखणी उचलावी, अशी आमची विनंती आहे. नाव, गाव, तारीख आधी लिहावी. ती चुकल्याचे कळले, तर पुढच्या अंकात तेही लिहावे.