शेवटचं वाक्य आणि आधीची वर्षं

आता 2001 चा रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य हा निकाल घेऊ. भांडणात नवरा म्हणाला, तुला हवं ते कर, हवं तिथे जा. पत्नीने जाळून घेतलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रागाच्या भरातला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. कलम 306 मधून तो सुटला. 498-अ चा दोष मात्र कायम राहिला.

पहिलं आम्हाला पटतं. रागात कोण काय बोलत नाही? अडतं ते पुढे. 498-अ मध्ये क्रूरतेचे दोन अर्थ आहेत: बाईला आत्महत्येकडे लोटेल असं वागणं, किंवा पैशा-वस्तूंसाठी छळ. शिक्षा दुसऱ्या अर्थाने असेल, तर 306 मधली सुटका समजते. पहिल्या अर्थाने असेल तर? कोणता अर्थ धरला, हे कित्येक निकालपत्रं सांगतच नाहीत. आमची तक्रार तिथे आहे.

लग्नानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या झाली आणि क्रूरता सिद्ध झाली, तर पुरावा कायद्याचं 113-अ न्यायालयाला प्रवृत्त केल्याचं गृहीत ‘धरता येईल’ म्हणतं. हुंडाबळीच्या 113-ब सारखं ‘धरलंच पाहिजे’ नाही. (नव्या कायद्यांत क्रमांक बदलले, हा फरक तसाच आहे.) मग गृहीत धरलं नाही, तर का नाही, ते लिहा ना! नाहीतर सगळा खटला शेवटच्या संध्याकाळच्या भांडणाभोवती फिरतो, आणि आईने सांगितलेली आधीची तीन वर्षं साक्षीच्या कागदावरच राहतात.