सूचींतून सुटलेलें संगीत

मराठींत संगीतावर गंभीर लेखन झालेंच नाहीं, हें विधान आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचा उगम कोठें आहे हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटूं लागलें. विधान करणारे बहुधा ग्रंथांच्या याद्या पाहून बोलत असतात. परंतु आमच्याकडे संगीताची चर्चा ग्रंथांपेक्षां मासिकांत व साप्ताहिकांतच अधिक झाली. केशवराव भोळे यांनीं आपल्या काळच्या गायकांवर 'वसुंधरा' साप्ताहिकांत 'एकलव्य' या टोपणनांवानें लिहिलें. प्रा. बी. आर. देवधर यांचे थोर गवयांवरील लेख १९४७ सालीं निघालेल्या 'संगीत कला विहार' मासिकांतून वाचकांपुढें आले. यांचीं पुस्तकें मागाहून झालीं; ज्यांचीं झालीं नाहींत त्यांचें लेखन अंकांतच राहिलें. तेव्हां नियतकालिकांची सूचि हीच येथें खरी किल्ली होय, आणि ती कोणाच्या हातीं आहे हा प्रश्न केवळ ग्रंथपालांचा नव्हे.

संगीतविषयक नियतकालिकांच्या चार मोठ्या सूची आज इंटरनेटवर आहेत. त्यांची तुलना करतांना आम्हीं एक प्रश्न मनाशीं धरला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं आयुष्याच्या अखेरच्या काळांत नाशकास पंचवटींत रामनाम आधार आश्रम स्थापिला. १९३१ सालीं ते मिरजेस वारले. नाशिक रोड येथें राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास, आपल्या घरापासून थोड्या अंतरावर घडलेल्या या पर्वाविषयीं तत्कालीन पत्रांनीं काय लिहिलें, हें जाणून घ्यावयाचें आहे. त्यानें कोणती सूचि उघडावी?

'म्यूझिक इंडेक्स' ही अमेरिकेंत डेट्रॉइट येथें १९४९ सालीं सुरू झाली. विषयांचे ठरीव मथळे व त्यांखालीं लेख, अशी तिची जुनी, सरळ मांडणी आहे. मैफलींचीं परीक्षणें व मृत्युलेख यांनाहि ती स्थान देते, हा तिचा मोठा गुण; पण तिचा आरंभच पंडितजींच्या निधनानंतर अठरा वर्षांनीं झालेला. 'म्यूझिक पीरिऑडिकल्स डेटाबेस' ही नव्या लेखांपर्यंत झटपट पोंचविते, त्यांतील पुष्कळ लेख समग्रहि देते. आमच्या प्रश्नाशीं तिचा संबंध थोडा, म्हणून तिच्यापाशीं आम्ही थांबत नाहीं.

'रिल्म' हिची योग्यता मात्र निराळी. बॅरी ब्रूक या पंडितानें १९६६ सालीं ती उभी केली. नुसती नोंद न करतां लेखाचा सारांश द्यावयाचा, आणि निरनिराळ्या देशांच्या समित्यांनीं आपापल्या देशांतील लेखन कळवावयाचें, ही योजना खरोखर उदार आहे. मूळ भाषेंतील मथळ्याजवळ इंग्रजी भाषांतर असतें. त्यामुळें मराठी न जाणणाराहि मराठी लेखाच्या दारापर्यंत येऊं शकतो. पण तिची दृष्टि विद्वत्तेची आहे, आणि भर मुख्यतः १९६७ नंतरच्या लेखनावर. पंडितजींवर अलीकडे कोणीं काय प्रतिपादिलें हें तिला विचारावें; १९२५ सालीं एखाद्या पत्रानें त्यांच्या रामायणगायनाची वार्ता कशी दिली, हें विचारूं नये.

राहिली 'रिपम'. हिच्यावर आमचें मन बसलें. रॉबर्ट कोहेन यांनीं १९८० सालीं स्थापिलेली ही सूचि सुमारें १७६० पासून १९६६ पर्यंतच्या संगीतविषयक पत्रांकडे वळते. तिनें एक वेगळी रीत घातली: विषयांच्या खणांत लेख कोंबण्यापूर्वीं ती प्रत्येक पत्राची अंकामागून अंक अशी यादी करते, अंकांत जें जसें आहे तें तसें नोंदते, चित्रें व जाहिरातीहि गाळीत नाहीं, आणि मग त्या यादीवरून लेखक व शब्द यांची अनुक्रमणी बांधते. जुन्या मराठी मासिकांस हीच रीत मानवेल. कारण त्यांतील संगीत मथळ्यांत क्वचितच दिसतें. तें नाट्यपरीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदांत, मृत्युलेखांत, पेट्यांच्या व ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या जाहिरातींत दडलेलें असतें. दुर्दैव एवढेंच कीं, 'रिपम'नें हातीं घेतलेलीं पत्रें मुख्यतः युरोप-अमेरिकेंतील आहेत. जी रीत आमच्या उपयोगाची, तिला आमचा माल ठाऊक नाहीं. आणि जिला थोडा ठाऊक, तिची रीत आमच्या उपयोगाची नाहीं.

भाषेच्या अडचणी याहून सूक्ष्म आहेत. यंत्रास 'संगीत' हा शब्द दिला तर 'संगीत शाकुंतल', 'संगीत सौभद्र' आणि त्यांच्या मागून आलेल्या नाटकांचा सारा तांडा पुढें येतो. उलट ज्या लेखांत खरी चर्चा आहे ते 'गायन', 'गाणें', 'गानकला' या नांवांखालीं लपून राहतात. एकाच वाद्यास कोणी पेटी म्हणतो, कोणी हार्मोनियम, कोणी संवादिनी. टोपणनांवांचें तर विचारूंच नये: भातखंडे कोठें 'चतुर पंडित', कोठें 'विष्णुशर्मा'. रोमन लिपींत नांव जातांच घोटाळा दुणावतो. पलुसकर आडनांवाखालीं शोधावें कीं विष्णु दिगंबर या नांवाखालीं, हें शोधणाऱ्यानें आधींच ओळखलें पाहिजे. मराठींत त्यांना आडनांवानें हांक मारतो कोण?

या सूचींची वर्गणीहि संस्थांनीं भरावयाची. विद्यापीठाच्या आवारांत असलेल्यास त्या सहज मिळतात, बाहेरच्या जिज्ञासूस बहुधा मिळत नाहींत. ज्यास मिळतात, त्याच्या मनांत मग एक चोरटा समज शिरतो: सूचींत नाहीं, त्या अर्थीं लिहिलेंच गेलें नाहीं. आरंभीं सांगितलेल्या विधानाचें मूळ आम्हांस येथें दिसतें.

घरचें भांडवल अगदींच नाहीं असें नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूचि' १९४४ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १८०० ते १९५० या काळांतील मराठी नियतकालिकांच्या सूचीवरहि काळे व बर्वे यांच्यासह त्यांचें नांव आलें. हें काम संगणकापूर्वींचें, हातानें चिठ्ठ्या लिहून केलेलें. आज जुन्या अंकांच्या प्रतिमा इंटरनेटवर चढविण्याची हौस आहे, ती स्तुत्यहि आहे. पण ज्या पानांतील अक्षरें यंत्रास वाचतां येत नाहींत आणि ज्यांस अनुक्रमणी नाहीं, तीं पानें कपाटांतून निघून दुसऱ्या कपाटांत गेलीं, इतकेंच.

आरंभ लहान असावा. शंकर बापूजी मुजुमदार यांच्या 'रंगभूमि' मासिकाचे अंक जेथें जेथें असतील तेथें त्यांची अंकवार यादी व्हावी. 'संगीत कला विहार'ची पहिल्या अंकापासून व्हावी. टोपणनांवापुढें खरें नांव, जुन्या शब्दापुढें आजचा शब्द, देवनागरी मथळा मूळ रूपांत, आणि जाहिराती गाळावयाच्या नाहींत. १८४० सालापासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांस व संगीत विद्यालयांतील विद्यार्थ्यांस हें काम वांटून घेतां येईल. त्यास मोठा पैसा नको, चिकाटी पाहिजे. पंचवटींतील आश्रमाविषयींची एखादी चार ओळींची वार्ता सांपडली तर ती अशाच यादींत सांपडेल.